लुई पंधराव्याच्या धाटणीचा पलंग

मोबाइलची बॅटरी लावून मी पलंगाच्या मागे गुडघ्यांवर बसले होते आणि तिकडे कराडजवळच्या आमच्या गावात आप्पा व्हिडिओ कॉलवर डोळे बारीक करून बघत होते. "पुढचं बघितलं मी. आता मागनं दाखव. हात फिरव जरा, करवतीच्या खुणा सरळ आहेत का कमानीसारख्या?"

मी उशाच्या फळीमागच्या कच्च्या लाकडावर तळवा फिरवला. बोटांना बारीक उंचसखल लागत होतं, आणि उजेड तिरका धरला तेव्हा अर्धगोल ओरखडे दिसले, एकाशेजारी एक.

"कमानीसारख्या."

"मग मशीनवर चिरलंय. राजाच्या काळचं नाही ते."

मला तेवढंच हवं होतं. पलंग राजाच्या काळचा आहे असं कुणी म्हणतही नव्हतं. लिलावघराच्या यादीत साफ लिहिलं होतं: फ्रान्सचा राजा लुई पंधरावा याच्या 'स्तील'चा, म्हणजे धाटणीचा पलंग, अक्रोडाचा, कोरीव. पण आप्पांनी चाळीस वर्षं सुतारकाम केलंय आणि लाकडावर लिहिलेलं ते कागदावर लिहिलेल्याच्या आधी वाचतात. लिलावात पलंग घ्यायचा तर ते माझ्या बाजूला असावेत, मग सात हजार किलोमीटरवरून का होईना, असं मी ठरवलं होतं.

आम्ही फ्रान्समध्ये नऊ वर्षं आहोत. पहिली सहा पॅरिसच्या उपनगरात, भाड्याच्या घरात गेली. मग लोआर नदीच्या काठी तूर शहराजवळ जुनं घर मिळालं. या काळात स्क्रूने जोडायचे तीन पलंग आमच्या हाताखालून गेले. तिसरा कुशीवर वळलं की कुरकुरायचा. आप्पांच्या हातच्या पलंगावर लहानपण गेलेल्या माणसाला तो आवाज सहन होत नाही. शेजारच्या आजींनी सांगितलं, "दुकानात कशाला जातेस? लिलावात जा. आमच्या वेळचे पलंग आता कुणाला नकोत."

लिलाव म्हटलं की मला वाटायचं, तिथे कोट घातलेली श्रीमंत माणसं असणार आणि चुकून हात वर गेला तरी गळ्यात काहीतरी पडणार. ही भीती घालवायला मी पॅरिसला ओतेल द्रुओ या लिलावगृहात जायला लागले. रिशल्यू-द्रुओ मेट्रो स्टेशनातून बाहेर पडलं की दोन मिनिटांवर. १८५२ पासून तिथे लिलाव होतात. आताची इमारत १९८० ची आहे. आत जायला तिकीट नाही, ओळख लागत नाही. एकेका दालनात वेगवेगळ्या लिलावघरांचा माल मांडलेला असतो. आदल्या दिवशी बघायचा, दुसऱ्या दिवशी दुपारी विकला जातो. आणि बघायचा म्हणजे खरोखर बघायचा: खण ओढा, कपाट उघडा, खुर्ची उलटी करा, कुणी हटकत नाही. लूव्र संग्रहालयात दोनशे वर्षांपूर्वीच्या पॅरिसमधल्या नामांकित बाई मादाम रेकामिए यांचा महोगनीचा पलंग आहे, सुंदर आहे, पण तो लांबूनच पाहायचा. द्रुओत मी अठराव्या शतकातल्या खुर्चीच्या पाठीवर अंगठा फिरवला आहे. लाकूड शिकायचं असेल तर ही जागा संग्रहालयापेक्षा मोठी शाळा आहे असं मी मनापासून सांगते.

तिथेच मला दोन शब्दांमधला फरक कळला, आणि तो कळल्याशिवाय कुणीही फ्रान्समध्ये जुनं फर्निचर घेऊ नये. यादीत 'एपोक लुई पंधरावा' लिहिलं असेल तर वस्तू त्या राजाच्या काळात, म्हणजे १७१५ ते १७७४ मध्ये बनली याची विकणाऱ्याने हमी दिलेली असते. 'स्तील लुई पंधरावा' लिहिलं असेल तर फक्त धाटणी तशी. वयाबद्दल कसलंही वचन नाही. हे शब्द कसे वापरायचे हे ३ मार्च १९८१ च्या एका हुकूमनाम्याने बांधून दिलं आहे, त्यामुळे यादी लिहिणाऱ्याला मनाला येईल तसं लिहिता येत नाही. एका शब्दाच्या फरकाने किमतीला दोन शून्यं लागू शकतात.

पण याच ठिकाणी माझं अनेकांशी पटत नाही. 'स्तील' म्हटलं की लोक नाक मुरडतात, नक्कल समजतात. आपल्याकडे दोनशे वर्षांपूर्वीच्या वाड्याची महिरप आज एखाद्या कारागिराने नव्या सागात कोरली तर आपण तिला नकली म्हणत नाही, नवी म्हणतो. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात फ्रान्सने आपल्या जुन्या राजांच्या सगळ्या धाटण्या पुन्हा कोरायला घेतल्या. पॅरिसमधल्या फोबूर सँतांत्वान या सुतारांच्या पेठेत ते काम चालायचं. बोहेमियातून आलेला फ्रांस्वा लिंक तिथेच, १७० नंबरच्या कारखान्यात, लुई पंधराव्याच्या वळणाचं फर्निचर घडवायचा, आणि १९०० च्या पॅरिस प्रदर्शनात त्याला सुवर्णपदक मिळालं. त्याच्या वस्तू आज प्रचंड किमतीला जातात, आणि त्याही 'स्तील'च आहेत. तेव्हा वस्तू कोणत्या शतकाची एवढं विचारून थांबू नये. ती कुणी, किती जीव लावून केली हे लाकडात बघावं.

जीव लावून केलेले पलंगही आज मातीमोल जातात, ते मात्र खरं आहे. त्या काळी लग्नात झोपायच्या खोलीचा अख्खा संच घ्यायचे: पलंग, आरशाचं कपाट, एक-दोन छोटी मेजं, सगळ्यांवर तीच नक्षी. आता घरं लहान, जिने अरुंद, आणि आरशाचं कपाट लिफ्टमध्ये मावत नाही. पलंगाची तर आणखी अडचण. इथली दोघांची गादी १४० बाय १९० सेंटिमीटरची, आणि नवी पिढी १६० मागते; जुन्या पलंगांची आतली रुंदी बहुतेक वेळा १२० च्या आसपास. मग वारसदार संच फोडतात. मेज विकलं जातं, कपाटाचा आरसा काढून घेतात, पलंग उरतो. मी लिलावांत असे पलंग वीस-तीस युरोला जाताना पाहिले, आणि एकदा तर बोलीच आली नाही. काही जण ते घेऊन पायथ्याच्या फळीचं बागेतलं बाक करतात. पावसात ठेवलेला कोरीव अक्रोड बघितला की माझ्या पोटात तुटतं.

आमचा पलंग मला तूरजवळच्याच एका लिलावघराच्या यादीत दिसला. फोटो वाईट होता, पण उशाच्या फळीवरचा कोरलेला शिंपला नीट दिसत होता. लुई पंधराव्याच्या धाटणीची ही पहिली खूण: डावी-उजवी बाजू तंतोतंत सारखी नसलेला शिंपला, त्यातून निघालेली पानं, कुठेही सरळ रेषा नाही, पायसुद्धा हरणाच्या पायासारखे वाकलेले. पुढे लुई सोळाव्याच्या काळात सगळं सरळ होतं. खांबांना उभ्या खाचा येतात, फिती आणि बाणांचे भाते येतात. आप्पांना मी दोन्हींचे फोटो पाठवले तेव्हा ते म्हणाले, "सरळ करणं सोपं. हे वाकडं समतोलात ठेवणं अवघड."

प्रदर्शनाच्या दिवशी काय काय बघायचं ते त्यांनी आधीच वहीत लिहून घ्यायला लावलं होतं. नक्षी फळीतूनच कोरलेली आहे की वेगळी कोरून सरसाने चिकटवलेली? हे कडेने बघितलं की कळतं. चिकटवलेली असेल तर खाली बारीक रेघ दिसते आणि लाकडाच्या रेषा जुळत नाहीत. आमच्या पलंगाच्या उशावरचा शिंपला चिकटवलेला निघाला, पण खालच्या फळीवरची पानं मात्र फळीतलीच. "चालतंय," आप्पा म्हणाले, "एवढा जाड शिंपला अख्ख्या फळीतून काढायचा तर अर्धं झाड वाया गेलं असतं."

मग कीड. मागच्या आडव्या पट्टीवर टाचणीच्या डोक्याएवढी भोकं होती. पंचवीस-तीस मोजली. भोकं असणं वाईट नाही. जुन्या लाकडात ती असतातच. बघायचं ते भोकाखाली ताजा, फिकट भुसा पडतो का. मी पट्टीवर हाताने चापट मारली, खाली धरलेल्या काळ्या कापडावर थोडासा भुसा पडला. फार नाही, पण पडला. म्हणजे आत अजून कुणीतरी खात होतं. पॉलिशसाठी पायाच्या आतल्या बाजूला, जिथे कुणाचं लक्ष जाणार नाही तिथे, कर्मचाऱ्याला विचारून स्पिरिटचा एक थेंब लावला. पॉलिश चिकट झालं. म्हणजे लाखेचं. शेवटी टेप काढून आतलं माप घेतलं: ११८ बाय १८७. माझ्या नवऱ्याची उंची १७२, माझी १५५. आम्हाला पुरेल.

एक गोष्ट मात्र माझ्याकडून राहिली. पलंग सुटा करून ठेवलेला होता. उसं आणि पायथा भिंतीला टेकवलेले, आणि बाजूच्या दोन लांब पट्ट्या कोपऱ्यात इतर पट्ट्यांबरोबर दोरीने बांधलेल्या. लांबीचं माप मी पट्टीवरच घेतलं, पण एकाच पट्टीवर. दोरी सोडायला सांगायचा मला संकोच वाटला. तो संकोच पुढे महागात पडला.

लिलाव शनिवारी दुपारी होता. ओळखपत्र दाखवून नंबराची पाटी घेतली आणि मधल्या रांगेत बसले. कोट घातलेलं कुणी नव्हतं. शेतकरी होते, दोन-तीन जुन्या मालाचे व्यापारी, आणि एक आई लहान मुलाला बिस्किट देत बसली होती. इथल्या लिलाव करणाऱ्याला कॉमिसेर-प्रिझर म्हणतात. हे पद १५५६ मध्ये दुसऱ्या आंरी राजाने निर्माण केलं आणि स्वेच्छेने होणाऱ्या लिलावांवरची त्यांची मक्तेदारी २००० च्या कायद्याने उठेपर्यंत टिकली. आमचा लिलाव घेणाऱ्या बाई बोलायला फार भरभर होत्या. ताटं, घड्याळं, एक भुसा भरलेला ससाणा, मग गालिचे. एका वस्तूला मिनिटसुद्धा लागत नव्हता.

मी घरून आकडा ठरवून निघाले होते: १५० युरो, त्यावर एक पैसा नाही. हा आकडा ठरवताना वरचा खर्च धरायचा असतो, हे नवख्या माणसाच्या लक्षात येत नाही. हातोडा पडतो ती किंमत वेगळी, त्यावर लिलावघराचं शुल्क वेगळं. आमच्याकडे ते पंचवीस टक्के होतं, आणि ऑनलाइन बोली लावली असती तर आणखी थोडं. पलंग ५० युरोपासून सुरू झाला. माझ्या मागे कुणीतरी ६० केलं, मी ७०, मागून ८०. मी वळून बघितलं नाही, कारण समोरच्याचा चेहरा बघितला की हात थरथरतो. १०० मी केले. फोनवर कुणीतरी होतं, ते ११०. मी पाटी पुन्हा वर केली. १२०. बाईंनी सभागृहभर नजर फिरवली, फोनवरच्या मुलीने मान हलवली, आणि "आदज्युजे", म्हणजे 'विकला', म्हणत हातोडा पडला. त्या क्षणी पलंग माझा. इथे लिलावात घेतलेली वस्तू मन बदललं म्हणून परत करता येत नाही. दुकानातून ऑनलाइन मागवलेल्या मालासारखे विचार करायला चौदा दिवस मिळत नाहीत. शुल्कासकट १५० युरो भरले, पावती घेतली, आणि बाहेर येऊन आप्पांना फोन केला. त्यांच्याकडे संध्याकाळ होती. ते फक्त "मिळाला?" म्हणाले, आणि मग आईला हाक मारून सांगताना ऐकू आले.

तिसऱ्या दिवशी भाड्याची व्हॅन घेऊन आम्ही तो घरी आणला. जोडायला बसलो. या पलंगांना स्क्रू नसतात. पट्टीच्या टोकाला लोखंडी आकडा असतो आणि तो खांबातल्या खाचेत वरून खाली बसतो, गच्च. कोणती पट्टी कोणत्या खांबाला हे कळावं म्हणून सुताराने पटाशीने रोमन आकडे पाडलेले असतात: उशाच्या डाव्या खांबावर एक रेघ, पट्टीच्या टोकावर एक रेघ. उजव्यावर दोन. डावी पट्टी टक् करून बसली. उजवी बसेना. लोखंडी आकडा खाचेपेक्षा रुंद, आणि पट्टी चार बोटं लांब. टोक उलटं करून बघितलं, तर त्यावर सहाचा आकडा. ती आमच्या पलंगाची पट्टीच नव्हती. दोरीत बांधलेल्या दुसऱ्या कुठल्या तरी पलंगाची ती होती.

त्याच दिवशी लिलावघराला फोन केला, मग फोटोंसकट पत्र लिहिलं. उत्तर सभ्य भाषेत आलं: माल आधी पाहण्याची संधी दिली होती, हातोडा पडल्यावर तक्रार ग्राह्य धरली जात नाही. हे वाक्य त्यांच्या अटींत असतंच आणि मी ते वाचलेलंही होतं. तरी मला राग आला, अजूनही येतो. पट्ट्यांची मोळी मी बांधली नव्हती. गोदामात माझी दुसरी पट्टी कुठेतरी असणार, एवढंच शोधा म्हटलं होतं. दोन आठवडे मी विचारत राहिले, मग बाकीचा माल दुसरीकडे गेला असं कळलं आणि विषय संपला. म्हणून सांगते, सुटा पलंग असेल तर दोरी सोडायला लावा, चारही टोकांवरचे रोमन आकडे जुळवून बघा, आणि संकोच बाळगू नका.

पट्टी नवी करावी लागली. गावातच जुनं फर्निचर दुरुस्त करणाऱ्या एक बाई आहेत. त्यांच्या कार्यशाळेत पाऊल टाकलं आणि मला आप्पांच्या पडवीत आल्यासारखं झालं: तोच सरसाचा वास, तोच पायाखालचा भुसा. त्यांच्याकडे जुन्या अक्रोडाची एक फळी होती. माझी डावी पट्टी नमुन्याला ठेवून त्यांनी उजवी केली, कडेचा गोलवा हातरंध्याने काढला, आणि चुकीच्या पट्टीवरचे लोखंडी आकडे बाजूला ठेवून नवे नेमके घडवून घेतले. त्याचे १९० युरो झाले. पलंगाच्या किमतीपेक्षा पट्टी महाग, हे ऐकून नवरा गप्प झाला. आप्पा मात्र म्हणाले, "बरोबर सांगितलंय तिने. दोन दिवसांचं काम आहे ते."

कीड आम्ही स्वतः मारली. प्रत्येक भोकात इंजेक्शनच्या सुईने औषध भरलं आणि मागची पट्टी प्लास्टिकमध्ये गुंडाळून तीन आठवडे गॅरेजमध्ये ठेवली. काळ्या कापडावर त्यानंतर भुसा पडलेला नाही. दर वसंतात मी पुन्हा बघते, कारण किडे बाहेर पडतात ते याच दिवसांत.

पॉलिश करायला पुन्हा त्याच बाईंकडे गेले, शिकायला म्हणून. त्यांनी एका बरणीतून केशरी, पारदर्शक पापुद्रे काढून हातावर ठेवले आणि विचारलं, हे काय आहे माहीत आहे? मला हसूच आलं. चपडा, म्हणजे लाखेचे पापुद्रे! आप्पांच्या कपाटात तो खाकी पिशवीत असायचा. भारतात पळस, बोर आणि कुसुमाच्या झाडांवर लाखेचे किडे वाढतात. झारखंड-छत्तीसगडात खूप, आणि आपल्या गोंदियाकडेही पळसावर लाख घेतात. तीच लाख स्पिरिटमध्ये विरघळवून, लोकरीच्या बोळ्याला सुती कापड गुंडाळून, तेलाचा एक थेंब लावून गोल-गोल घासत लाकडावर चढवायची. एकोणिसाव्या शतकापासून फ्रेंच पलंगांची चकाकी या लाखेची आहे. आमच्याकडे सुतार त्याला अजून फ्रेंच पॉलिशच म्हणतात. मी दोन दुपारी फक्त पायथ्याचा एक खांब घासला, खांदे दुखले, आणि बाईंनी तो बघून "पुन्हा" म्हटलं.

गादी ११८ बाय १८७ मापाने करून घेतली, ४८० युरो. सगळा हिशेब मांडला तर दुकानातला चांगला पलंग याच पैशांत आला असता. पण दुकानातल्या पलंगाच्या मागे करवतीच्या खुणा नसतात, आणि आप्पांशी बोलायला एवढं निमित्त मिळालं नसतं.

जोडून झाल्यावर आप्पांनी फोटो पुरेसे नाहीत, असं सांगितलं. फोटोत खोली कळत नाही. म्हणून मी खालच्या फळीवरच्या उथळ नक्षीवर पातळ कागद धरला आणि मऊ पेन्सिल आडवी घासली. दोन्ही बाजूंची पानं कागदावर उतरली. तो कागद नळीत घालून गावी पाठवला. बारा दिवसांनी फोन आला.

"डावं पान बघ," ते म्हणाले. "उजवीकडे लाकडाच्या रेषा पटाशीबरोबर जातात, त्याने एका दमात ओढलंय. डावीकडे रेषा उलट्या येतात, तशीच ओढली असती तर लाकूड उचकटलं असतं. तो देठाजवळ थांबलाय, आणि पटाशी फिरवून वरून खाली आलाय. तिथे एक लहानशी पायरी लागेल बोटाला. आहे का बघ."

मी फोन कानाला तसाच धरून आत गेले, गादी थोडी ओढली, आणि डाव्या पानाच्या देठावर बोट ठेवलं.

"आहे, आप्पा."